कूलरची टाकी, बोजारा आणि पाचवीतलं गणित

संत्रासाल | १३ मे, रात्री ११:२०

नागपुरात मे महिन्यात संध्याकाळी सात वाजता घरोघरी एकच भांडण: कूलर कोण भरणार. आमच्याकडे उमेदवार दोन. लेक पाचवीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, मुलगा दुसरीतला.

रविवारी टाकी रिकामी करून धुतली. टाकीवर ८० लिटर लिहिलेलं. लेकीची बादली १० लिटरची, मुलाची ६ ची. लेकीनं जाहीर केलं, "दोघांच्या पाच-पाच खेपा. माझे ५०, तुझे ३०, झाले ८०." मुलगा खूश. दोन खेपांनंतर लेकच थांबली. "थांब, हे चूक आहे. पाणी सारखं पाहिजे, खेपा नाही. ४० माझं, ४० तुझं. म्हणजे माझ्या चार खेपा आणि तुझ्या..." इथे ती बोटं मोजत बसली. "सहा खेपांत ३६ होतात. सात लागतील, शेवटची भरून नको आणू." मुलानं बादली खाली ठेवून भोकाड पसरलं. त्याचं म्हणणं, मी लहान आहे तर मला जास्त चकरा का? अर्धा तास वाद चालला. त्यात मुलानं वजनकाटा आणला. तो २२ किलोचा, ती ३३ ची. लेकीनं मग हिशेब मांडला की तिची बादली तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ जाते आणि त्याची त्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याच्या थोडी वर. म्हणजे पाच-पाच खेपांतही जास्त ओझं तीच उचलते. शेवटी पाच-पाचच ठरल्या, पण दिदीला पहिली कुल्फी या अटीवर.

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. कारण दोनच महिन्यांपूर्वी तिच्या पेपरात प्रश्न होता: टाकीत ७२० लिटर पाणी मावते, १५ लिटरच्या किती बादल्यांनी ती भरेल? आमच्या बाईसाहेबांनी गुणाकार करून उत्तर लिहिलं १०,८०० बादल्या. एका टाकीला दहा हजार आठशे बादल्या! तिला त्यात काही खटकलं नाही. पालकसभेत ऐकून आले, "हिला गणिताचं अंगच नाही." तेव्हापासून ती स्वतःही तेच म्हणते.

आपल्याकडे शाळा उघडायला जूनची अखेर येते. तेवढ्या दिवसांत मला तिच्या डोक्यातलं ते वाक्य पुसायचं आहे. तुम्ही घरी काय करता? ॲपची नावं नकोत, मोबाइल मी मुश्किलीनं सोडवलाय.

---

तर्री_जास्त | १३ मे, रात्री ११:५२

ताई, आमचं किरान्याचं दुकान हाय. पोरगी सातवीत, सुट्टीत गल्ल्यावर बसते. पयल्या दिवशी गिऱ्हाईकाचं बिल झालं ६२ रुपये. त्यानं १०० ची नोट देली अन् वरून २ रुपये. पोरगी म्हने, "काका, शंभरातच होऊन राहिले ना, हे दोन कायले?" अन् दोन रुपये वापस केले. मंग चिल्लरमंदी ३८ शोधत बसली. ते काका हासले अन् बोलले, "बेटा, दोन ठेव, चाळीस दे." पोरगी पाच मिनिटं त्या नोटेकडं पाहून राहिली होती. आता स्वतःच मांगते लोकाइले, "दोन सुट्टे हायेत का?"

पन आता हे बी कमी झालं. समदे फोननं पैसे टाकतात. ६२ तं ६२. पोट्ट्याइले चिल्लर मोजाले भेटतच नाही. म्हनून मी घरच्या पोट्ट्याइले रोख देतो, अन् उरलेले पैसे मोजून वापस मांगतो.

---

सरळरेषा | १४ मे, सकाळी ७:०५

कौतुक वाचलं. थोडं कडू बोलतो.

"गणित रोजच्या जगण्यात आहे" हे ऐकायला छान वाटतं. रोजच्या जगण्यात चार क्रिया, टक्केवारी आणि थोडं क्षेत्रफळ, एवढंच लागतं. बाकी सगळं मेहनतीनं शिकावं लागतं. तुमची लेक सहा सक ३६ वर अडून बोटं मोजत बसली, ते तुम्ही गोड म्हणून सांगताय. मला तिथंच दुखणं दिसतं. पाढे तोंडपाठ नाहीत. आधी तीसपर्यंत पाढे, मग कूलर.

---

संत्रासाल | १४ मे, सकाळी ९:३०

@सरळरेषा, पाढे कच्चे आहेत हे मान्य. पण सरावाची वही वर्षभर झाली. १०,८०० बादल्या त्या वहीनंतरच आल्या.

---

पाटीपेन्सिल | १४ मे, दुपारी १:१५

मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त. सरळरेषा यांचं अर्धं बरोबर आहे. पाढे हवेतच. फक्त ते कशासाठी पाठ करायचे हे पूर्वी मुलांना दिसायचं.

माझी आजी नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात राहायची. तिला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी येत. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे. रुपया १६ आण्यांचा होता, तेव्हा बाजारात पाव-पाऊण केल्याशिवाय भाजीसुद्धा घेता येत नसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपया १०० नव्या पैशांचा झाला आणि हळूहळू हे पाढे गेले. आता त्यांचं ओझं मुलांवर परत टाका असं मी म्हणणार नाही. पण एक गंमत करून बघा. मुलांना विचारा, "औट घटकेचं राज्य" म्हणजे किती वेळाचं? घटका २४ मिनिटांची, औट म्हणजे साडेतीन. साडेतीन गुणिले २४. माझ्या वर्गात एकानं ८४ काढून विचारलं होतं, "बाई, म्हणजे पिक्चर संपायच्या आतच राज्य गेलं?"

दुसरं, संख्यांची नावं. १०,८०० सोडा, लहान मुलं "एकोणऐंशी" ऐकून ८९ लिहितात. चूक मुलांची नाही. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक उणा, ७९. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, सगळी नावं वजाबाकीची. ही रांग एकोणनव्वदपर्यंत चालते, ९९ ला मोडते आणि एकदम "नव्याण्णव" येते. पोरांना हे कुणी सांगतच नाही, नुसतं पाठ करायला लावतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक", "वीस दोन" असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विधानसभेतही त्यावर टोमणे मारून झाले. गणित समितीच्या मंगला नारळीकर बाजू मांडत होत्या की जोडाक्षरांमुळे आणि उलट्या क्रमामुळे मुलं अडखळतात. मला स्वतःला "एकवीस" सोडवत नाही, जिभेवर बसलंय. पण त्यांची अडचण खोटी नव्हती. माझा उपाय साधा: मुलालाच सांगायचं, ७९ हा ऐंशीचा एक रुपयाचा उधारीवाला आहे.

---

तर्री_जास्त | १४ मे, दुपारी १:४०

उधारीवाला 😂 बाई, हे पाटीवर लिहून दुकानात लावतो.

---

फुटाळ्याकाठी | १४ मे, रात्री १०:१०

आमची गोष्ट तान्ह्या पोळ्याची. बाहेरगावच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि लोक त्यांना बोजारा देतात, म्हणजे पैसे.

मागच्या वर्षी आमचा चौथीतला चिरंजीव दहा घरं फिरून आला. खिशातलं सगळं गादीवर ओतलं, ३५० रुपये. मी सहज म्हटलं, "वा, घरटी सरासरी ३५ रुपये मिळाले की." तो चिडलाच. "पस्तीस कुणी दिले? एकानंही नाही दिले!" मग वहीत मांडलं. सहा घरांनी १०-१०, दोघांनी २०-२०, एकानं ५०, आणि मामानं २००. तो म्हणाला, "मामाला काढ." काढलं. १५० भागिले ९, म्हणजे १६ रुपये ६७ पैसे. "बघ, एका मामामुळे सगळे श्रीमंत दिसले."

मी बँकेत आहे. रोज सरासऱ्या पाहते आणि सही करते. त्या दिवशी गादीवर बसून पहिल्यांदा वाटलं की ह्या आकड्यांत मामा कोण कोण असतील. त्यानं पुढे दहा आकडे चढत्या क्रमानं लावून मधला कुठला तेही पाहिलं. पाचवाही १०, सहावाही १०. "हेच खरं," म्हणाला. त्याला मध्यक हा शब्द माहीत नव्हता, मीही सांगितला नाही. यंदाच्या पोळ्याला कुठली घरं आधी घ्यायची याची यादी त्याच्या वहीत आत्ताच तयार आहे. ते मला फारसं आवडलेलं नाही, पण काय करणार.

---

बर्डी_ते_महाल | १५ मे, सकाळी ८:२०

मुलांना शून्य मैलाच्या दगडापाशी न्या. मेट्रोचं झिरो माईल स्टेशन जवळच आहे. सकाळी सहाला जा, नाहीतर तिथले घोड्यांचे पुतळे तापलेले असतात. (तो भारताचा मध्यबिंदू आहे की नाही हा वाद इथे नको, त्यावर दोनशे प्रतिसाद पडतील.) खांबावर गावांची अंतरं मैलांत कोरली आहेत. जबलपूर १७०, हैदराबाद ३१८, सिवनी ७९. शिवाय उंची दिली आहे, समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! मुलाला विचारा, हजारावा भाग केवढा? तो ०.३ मिलिमीटर येतो. सुईच्या टोकाची भाषा दगडावर.

आम्ही खेळ केला. मैलाचे किलोमीटर तोंडी करायचे, कॅल्क्युलेटर नाही. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९ ही रांग घ्यायची, प्रत्येक संख्या आधीच्या दोघांची बेरीज. ५ मैल म्हणजे साधारण ८ किमी, ८ मैल म्हणजे १३, १३ म्हणजे २१. सिवनीसाठी ७९ फोडले: ५५ + २१ + ३. पुढच्या संख्या घेतल्या: ८९ + ३४ + ५ = १२८. नीट गुणाकार केला तर १२७ च्या किंचित वर. पोरं वेडी झाली. घरी येईपर्यंत मेट्रोत हेच.

---

अनुष्टुभ | १५ मे, दुपारी ३:३०

ही रांग कवितेतून आलेली आहे, हे राहून जायला नको. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येते? गुरू-गुरू, लघु-लघु-गुरू, लघु-गुरू-लघु, गुरू-लघु-लघु, चारही लघु. पाच. पाच मात्रांची आठ प्रकारे, सहाची तेरा. कारण सोपं आहे. ओळीच्या शेवटी लघु असेल तर आधीच्या मात्रा एकनं कमी, गुरू असेल तर दोननं कमी, म्हणून मागच्या दोघांची बेरीज. जैन पंडित हेमचंद्रानं बाराव्या शतकात हे सांगितलं; ज्याच्या नावानं ही रांग आज ओळखतात त्या इटलीच्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं.

मुलांना व्याकरण नको असेल तर टाळी म्हणजे एक आणि मांडीवर थाप मारून थांबणं म्हणजे दोन. सहा मात्रांचे तेराही ठेके शोधा म्हणावं. तेरावा सापडेपर्यंत घर डोक्यावर घेतात, आधीच सांगून ठेवतो.

---

लसावि_पीडित | १५ मे, दुपारी ४:०२

सगळं ठीक. लसावि-मसावि कूलरमध्ये कुठे बसवता ते सांगा.

---

संत्रासाल | १५ मे, दुपारी ४:४५

प्रयत्न केला. कोरफडीला सहा दिवसांनी पाणी, गुलाबी लिलीला चार दिवसांनी, दोघींना एकाच दिवशी कधी? लेक म्हणाली, "आई, तू मुद्दाम विचारतेस ना?" पकडली गेले. ती खरंच झाडांना पाणी घालत असती तर गोष्ट वेगळी होती.

---

उंबरठा | १५ मे, रात्री ९:२५

मुद्दाम विचारलेलं त्यांना वासावरून कळतं. म्हणून मी "उपयोग" शोधणं सोडलं. आम्ही सिग्नलला गाड्यांचे नंबर खेळतो. एमएच ३१, एमएच ४९ सोडून द्यायचं, पुढचे चार आकडे घ्यायचे. उदाहरणार्थ ४८३१. उतरत्या क्रमानं ८४३१, चढत्या क्रमानं १३४८, वजाबाकी ७०८३. परत तेच: ८७३० उणे ०३७८ = ८३५२. परत: ८५३२ उणे २३५८ = ६१७४. आता ६१७४ चं करा: ७६४१ उणे १४६७ = ६१७४. अडकलात! चारही आकडे सारखे नसले की कुठलाही नंबर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येतो. हे शोधलं देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर यांनी, १९४९ मध्ये. शाळामास्तर, हातात वही-पेन्सिल. त्याचा उपयोग काय? काहीही नाही. व्हेरायटी चौकाचा सिग्नल आम्हाला आता छोटा वाटतो.

---

सरळरेषा | १६ मे, रात्री १:१०

माझ्या गाडीचा नंबर २००५. ५२०० − ००२५ = ५१७५. ७५५१ − १५५७ = ५९९४. ९९५४ − ४५९९ = ५३५५. ५५५३ − ३५५५ = १९९८. ९९८१ − १८९९ = ८०८२. ८८२० − ०२८८ = ८५३२. ८५३२ − २३५८ = ६१७४. पूर्ण सात. दहा वर्षं ही गाडी चालवतोय.

माझं मत बदललेलं नाही. पाढे हवेतच. बायकोच्या स्कूटीचा चौथ्या पायरीत सुटला.

---

उंबरठा | १६ मे, सकाळी ६:५०

रात्री १:१० ला 🙏

---

संत्रासाल | १९ मे, रात्री १०:४०

कूलरची पुढची बातमी. लेकीनं टाकीची आतून मापं घेतली, लांबी ६० सेंमी, रुंदी ५०. म्हणजे पाणी १ सेंमी उतरलं की ३,००० घन सेंमी, ३ लिटर गेलं. जुनी फूटपट्टी टाकीत उभी बांधली. रात्री दहा ते सकाळी सहा, पाणी ९ सेंमी उतरलं. २७ लिटर! ती बराच वेळ खोलीच्या भिंती चाचपत होती. "आई, सत्तावीस लिटर गेलं कुठे? गादी तर कोरडी आहे."

वाळ्याच्या ताट्यांतून हवेत गेलं, खिडकीतून बाहेर गेलं, हे तिला पटायला दोन दिवस लागले. आता रोज सकाळी ब्रश करायच्या आधी पट्टी बघते आणि कॅलेंडरवर आकडा लिहिते. काल ढग होते, तर ६ सेंमीच.

---

पाटीपेन्सिल | २० मे, दुपारी १२:३०

हे सोडू नका, जुलैपर्यंत आकडे लिहू द्या. पावसाळ्यात हवा ओली असते, पाणी उडत नाही, म्हणून कूलर असून घाम येतो. तो आलेख ती स्वतः काढेल.

आणि २६ मेच्या आसपास गच्चीवर जा. नागपूर २१.१५ अक्षांशावर, त्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. पण बारा वाजता नाही. किती वाजता, ते तिला काढू द्या. भारताचं घड्याळ ८२.५ रेखांशावर लावलेलं, नागपूर ७९.१ वर. एका अंशाला ४ मिनिटं. आणि त्या दिवसांत सूर्य घड्याळाच्या साधारण ३ मिनिटं पुढे असतो, तेवढी वजा करायची. चपला घालून जा, फरशी भाजते.

---

संत्रासाल | २६ मे, दुपारी २:१५

३.४ गुणिले ४ = १३.६, उणे ३. तिनं काल रात्रीच १२ वाजून १०-११ मिनिटं असं लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं.

पावणेबारापासून दोघं गच्चीवर. स्टीलचा उंच ग्लास पालथा ठेवला, दर दोन मिनिटांनी खडूनं सावलीची कड आखायची. मुलगा ओरडून वेळ सांगत होता. बारा वाजले तेव्हा पूर्ण बोटभरही नाही अशी एक बारीक कोर उरली होती. लेक म्हणाली, "बघ, बाराला दुपार होतच नाही!" बारा दहाला कोर दिसेना. ग्लास उचलला तर खडूच्या रेघांच्या मधोमध एक स्वच्छ गोल, बस. शेजारच्या काकू वाळवण उलटायला आल्या होत्या, त्याही वाकून बघत राहिल्या. मग स्वतःकडे बघून म्हणाल्या, "अगबाई, माझी सावली कुठंय?"

या सगळ्यात सकाळी कूलर भरायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. खाली आलो तर पंप कोरडा घरघरत होता आणि फूटपट्टी शून्यावर. आता पुन्हा वाद, चूक कुणाची आणि दहा खेपा कुणाच्या खात्यात. मुलाचं म्हणणं, वेळ बघायचं काम त्याचं होतं म्हणून त्याच्या दोन खेपा माफ. लेक वही घेऊन बसली आहे.